भोपळ्याची बोली

[दृश्य: चर्चचं आवार, लिलाव]

"साडेतीन हजार एक वार... साडेतीन हजार दोन वार..."

टेबलावर लाल भोपळा. मंडईत याला शंभर रुपयेही कुणी देणार नाही. पण आज पुण्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा, कापणीचा सण आहे. सकाळी वेदीपाशी वाहिलेली ज्वारीची कणसं, नारळ, केक, पाय बांधलेली गावठी कोंबडी, सगळं आता लिलावाला आलंय. बोली पुकारणारे काका पक्के आहेत. कुणाचा मुलगा यंदा परदेशी लागला, कुणी नवीन मशिन टाकलं, सगळी खबर त्यांना असते. 'दोन वार' म्हणताना ते नेमके त्याच खुर्चीकडे बघून थांबतात. भोपळा पाच हजारांना जातो. टाळ्या! घेणारा तो उचलून पुन्हा टेबलावर ठेवतो: "परत लावा."

उजवा हात देतो ते डाव्याला कळू नये, असं प्रभू येशूनं सांगितलं. इथं अख्ख्या आवाराला कळलं. असो, चर्चच्या रंगकामाचे पैसे निघाले.

शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, श्रीमंत माणूस म्हटला की सुईच्या नाकातून न जाणारा उंटच आठवतो. पण त्याच शुभवर्तमानात हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना आहे, जी आपल्या पैशानं येशूची आणि शिष्यांची सेवा करत होती.

[दृश्य: केडगाव स्टेशन, मुक्ती मिशनचा परिसर]

दौंडच्या वाटेवरचं केडगाव. पंडिता रमाबाईंकडे स्वतःचा पैसा नव्हता. १८८७ साली बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिनं रमाबाईंच्या विधवांसाठीच्या शाळेला दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं. मात्र अट होती, शाळेत धर्मप्रचार करायचा नाही. देणारे ख्रिस्ती, घेणारी ख्रिस्ती, आणि अट ही! १८८९ला मुंबईत सुरू झालेली ही शाळा, शारदा सदन, पुढच्याच वर्षी पुण्यात आली. तिथं काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा शहरात गदारोळ झाला आणि रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले.

पुढे रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभारलं. तिथं ती अट नव्हती. इथं छापखाना आला.

[दृश्य: छपाईचे खिळे, जवळून]

हे खिळे केडगावचे नाहीत; पुण्यातल्या एका जुन्या छापखान्यात चित्रित केलेत. काम मात्र हेच. अक्षर उलटं वाचायचं, काना-वेलांटी शोधायची, जोडाक्षराचा खण पाठ करायचा, ओळ घट्ट बसली का ते अंगठ्यानं दाबून बघायचं. दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली हे शिकल्या. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत बायबल उतरवत होत्या, आणि त्यांच्या मुली ते जुळवत होत्या. एप्रिल १९२२मध्ये रमाबाई गेल्या. अख्खं बायबल १९२४ साली बाहेर पडलं. शिसं, कागद, शाई, वर्षानुवर्षांची जेवणं: देणग्यांचा पैसा यात जिरला.

[दृश्य: भोसरी, वर्कशॉप]

हे कारखानदार कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हते, म्हणून त्यांची लेथ बघा. एका खेड्यातल्या पाळकाचा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूचा, पगार ते मंडळीच्या खजिनदारामार्फत दरमहा देतात. पाळकाला त्यांचं नाव माहीत नाही. असं देणारे कमी, आणि त्यामागे करही आहे: शाळेला, दवाखान्याला दिलेल्या देणगीवर आयकरात सवलत मिळू शकते, निव्वळ धार्मिक ट्रस्टला दिलेल्यावर सहसा नाही. त्यामुळे इमारतींना दाते मिळतात, पगाराला नाही.

परदेशी पैशाचे नियम २०२०च्या दुरुस्तीनं आवळले. तो आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत येतो, आणि मिळालेल्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. खेड्यातल्या लहान मंडळ्यांना याचा फटका बसला.

खजिनदार म्हणतात, यादीत आणखी चार पाळक आहेत. पगार कुणी देत असेल तर बोली लावायची गरज नाही, पावती बिननावी मिळेल.