फाशीचं गाणं आणि तीन कॉलेजकुमार

फाशी जाणाऱ्या माणसाच्या गाण्यावर अमेरिकेतली कॉलेजची पोरं ठेका धरायला लागली, ते साल १९५८. गाणं 'टॉम डूली', गाणारे 'किंग्स्टन ट्रायो'. डेव्ह गार्ड आणि बॉब शेन होनोलुलूत एकाच शाळेत शिकलेले, निक रेनॉल्ड्स कॅलिफोर्नियाचा. लोकसंगीतवाल्यांना लागते तशी डोंगरातली खोपटी किंवा कोळशाची खाण तिघांपैकी कुणाच्याच घराण्यात नव्हती!

१९५७ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या 'पर्पल अनियन' क्लबात त्यांना आठवडाभरासाठी बोलावलं, मुक्काम महिनोन्‌महिने लांबला. त्यांचा मॅनेजर फ्रँक वर्बर तालमीला कडक. दोन गाण्यांमधल्या कोपरखळ्यासुद्धा आधी बसवलेल्या. ऐकणाऱ्याला मात्र वाटावं, आत्ता सुचलं. मला ही त्यांची खरी करामत वाटते.

आणि वेळही साधली. १९५० मध्ये 'वीव्हर्स' या चौघांनी लोकगीत अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं होतं, पण डावे म्हणून त्यांची नावं काळ्या यादीत गेली, कार्यक्रम बंद पडले. त्यानंतर हे तिघे आले: पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट, आखूड केस, राजकारणाचा शब्द नाही. घाबरलेल्या रेडिओवाल्यांना आणखी काय हवं होतं?

'टॉम डूली' त्यांच्या पहिल्या अल्बममधलं एक गाणं. सॉल्ट लेक सिटीच्या रेडिओवर ते सारखं वाजायला लागलं, तेव्हा कुठे कॅपिटल कंपनीने त्याची वेगळी रेकॉर्ड काढली. नोव्हेंबरात ती पहिल्या क्रमांकावर. खप तीस लाखांच्या वर. सुरुवातीला छोटंसं निवेदन, मग दबक्या आवाजात धृपद, आणि सगळ्या गाण्याला कॉर्ड्स, म्हणजे एकत्र छेडायचे सुरांचे गट, दोनच. दोन कॉर्ड्स कुणालाही जमतात, त्यामुळे पोरांनी गिटारी घेतल्या. गंमत म्हणजे पहिल्या ग्रॅमीत लोकसंगीताचा विभागच नव्हता, म्हणून बक्षीस 'कंट्री अँड वेस्टर्न'मध्ये दिलं!

गाण्यातला टॉम खरा होता. खरं नाव टॉम ड्यूला, लॉरा फॉस्टरच्या खुनाबद्दल १८६८ साली नॉर्थ कॅरोलायनात फाशी गेला. त्याच डोंगराळ मुलखातल्या फ्रँक प्रॉफिट या शेतकऱ्याने घरात चालत आलेलं हे गाणं १९३८ मध्ये संग्राहक फ्रँक वॉर्नर यांना ऐकवलं. वॉर्नरकडून ते लोकगीतं गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्स यांच्या पुस्तकात गेलं, आणि वीस वर्षांनी प्रॉफिटला टीव्हीवर हे तिघे तेच गाताना दिसले. गाण्याच्या हक्काचं प्रकरण मिटायला १९६२ उजाडलं. मग कुठे प्रॉफिटला रॉयल्टीतला वाटा मिळू लागला.

तिघांना चोर म्हणणारे तेव्हाही होते. मी म्हणत नाही. पुस्तकात आधीच छापून आलेलं गाणं त्यांनी गायलं. पैसे कुणाला जायला हवेत, हे बघणं कंपनीचं काम होतं. १९६२ मध्येच प्रॉफिटचा स्वतःचा अल्बम निघाला. तिघांचं आणि प्रॉफिटचं गाणं लागोपाठ ऐका. प्रॉफिटचा बॅन्जो त्याने स्वतःच घडवलेला, दांडीवर सुरांचे पडदे (आडव्या पट्ट्या) नसलेला. आणि आवाजात टाळ्या मिळवायची कसलीही घाई नाही.