उघड्या फांदीवरचा वसंत

नमस्कार मंडळी. डिसेंबरात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतरचे अडीच महिने मी कोथरूडच्या घरी गॅलरीतल्या खुर्चीत काढले. आज तुमच्यासमोर बोलायला उभी आहे ती त्या खुर्चीमुळेच.

गॅलरीसमोर एक काटेसावर आहे. जानेवारीत तिची पानं भराभर झडली. खालचे इस्त्रीवाले म्हणाले, "काकू, झाड वाळलं बहुतेक." मला मात्र फांद्यांवर बोराएवढ्या काळपट गोल कळ्या दिसत होत्या. फेब्रुवारीत त्या फुटल्या, आणि एकही पान नसलेलं ते झाड लालभडक झालं. मग रोज उजाडताच तिथं बाजार भरायचा. मैना, बुलबुल, कावळे, खारी आणि भोरड्यांचे थवेच्या थवे. या भोरड्या हिवाळ्यापुरत्या आपल्याकडे येतात आणि एप्रिलच्या सुमारास उत्तरेला परततात. जाण्याआधी सावरीचा मध त्यांना चांगलाच मानवत असणार.

काठी टेकत पहिल्यांदा खाली उतरले, तेव्हा पडलेलं एक फूल उचललं. तळहात भरेल एवढं मोठं. पाच जाड पाकळ्या, पाठीवर रेशमासारखी लव, मधे पुंकेसरांचा झुबका. देठाशी चामड्यासारखा चिवट, हिरवा पेला होता. त्यात अजून मध शिल्लक होता आणि मधात एक मुंगी बुडाली होती. मी तिथेच कट्ट्यावर टेकले. डॉक्टरांनी दहा मिनिटं चालायला सांगितलं होतं, मी अर्धा तास त्या फुलापाशी बसले.

आपण वसंत म्हटलं की हिरवळ डोळ्यांसमोर आणतो. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. पण पुण्याच्या टेकड्यांवर त्याची सुरुवात पानगळीतच होते. इथला पाऊस जून ते सप्टेंबर. पुढचे आठ महिने झाडाला जमिनीतल्या ओलाव्यावर काढायचे असतात. पानांतून पाणी सतत उडून जातं, म्हणून झाड पानं टाकून देतं. फांद्या मोकळ्या झाल्या की फुलं लांबून दिसतात आणि पाखरं नेमकी तिथं येतात. मग एप्रिल-मे महिन्यांत बोंडं तडकतात आणि कोरड्या वाऱ्यावर कापूस बी घेऊन उडतो. ते बी जमिनीला टेकतं आणि पाऊस येतो. हा सगळा हिशोब जूनचा आहे. उघडी फांदी बघून झाड मेलं असं म्हणताना एवढं तरी आठवावं.

आता टेकडीवर काय बघाल? वेताळ टेकडी घ्या, हनुमान टेकडी घ्या, तळजाई घ्या, जी घराजवळ असेल ती. गुलाबी फुलांनी भरलेली गिरिपुष्पाची झाडं सगळ्यांना आवडतात. ती मूळची मध्य अमेरिकेकडची, लवकर वाढतात म्हणून लावलेली. बघा, जरूर बघा. पण तिथंच थांबू नका. त्यांच्या गर्दीत इथलीच झाडं शोधा, सालई शोधा, मोई शोधा. मोईत नर झाड वेगळं, मादी वेगळं. कुठं कुसुम भेटला तर मार्चमध्ये त्याची लाल पालवी बघा. लांबून फुलांचाच बहर वाटतो. पिंपळाची पालवीही तांबूस असते. कोवळ्या पानाला उन्हापासून जपणारं रंगद्रव्य त्यात असतं. रस्त्याकडेच्या वावळाखाली पापडासारख्या चकत्या पडलेल्या दिसतील. लहानपणी आम्ही त्या चोळून आतलं बी खायचो. आणि पाडव्याला गुढीला ज्याची डहाळी बांधतो, त्या कडुनिंबाला याच दिवसांत फुलोरा येतो. रात्री जिन्यापर्यंत वास येतो, पण त्यासाठी टीव्ही बंद करून दार उघडावं लागतं.

एक पाखरू मात्र मला तुमच्या ओळखीचं करून द्यायचंच आहे. ते म्हणजे तांबट. चिमणीहून जरा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल, गळ्याशी पिवळा. भर दुपारी एका लयीत टुक् टुक् टुक् करत बसतो. कसब्यातल्या तांबट आळीत भांड्यावर पडणारा हातोडा ज्यांनी ऐकलाय, त्यांना या नावाचं नवल वाटणार नाही. हा पक्षी वठलेल्या फांदीत गोल भोक पाडून घरटं करतो. आमच्या आवारात असं एक भोक होतं. गेल्या वर्षी मार्चमध्ये छाटणीवाले आले आणि "सुकलेली फांदी आहे" म्हणत तीच पाडून गेले. मी विचारायला खाली पोचेपर्यंत लाकडं टेम्पोत भरलीसुद्धा होती. ती दुपार मी विसरलेले नाही. माणसांच्या डोक्यावर पडेल अशी फांदी काढायलाच हवी. बाकीची वठलेली फांदी राहू द्या, निदान आधी भोक आहे का ते बघा. छाटणी पावसाळ्याआधीच करायची असेल, तर घरट्यांची खात्री करून करा.

आणखी दोन गोष्टी. या दिवसांत टेकडीवरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं. एका विडीने वणवा पेटतो आणि कोवळी रोपं, सरडे, घरटी सगळं जातं. टिटवी तर उघड्या जमिनीवर, खड्यांतच अंडी घालते, आणि तीही खड्यांसारखीच दिसतात. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की आल्या वाटेने मागे फिरा आणि कुत्र्याचा पट्टा हातात धरा. आवारातला पालापाचोळाही जाळू नका, झाडाच्या बुंध्याशी सारा.

गुडघे दुखणाऱ्यांना माझं सांगणं आहे की टेकडी चढायलाच हवी असं नाही. घराजवळचं एकच झाड धरा आणि दर आठवड्याला त्याच्याकडे जा. माझ्या सावरीला आता बोंडं धरली आहेत, हिरवी, अंगठ्याएवढी. ती कधी तडकतात त्याची मी वाट बघते आहे.

रविवारी सकाळी सव्वासहाला आपण टेकडीच्या पायथ्याशी जमू. पाण्याची बाटली आणि टोपी घ्या, आठच्या आत परत येऊ. मी सपाटीवरच्या वाटेने हळूहळू चालणार आहे, ज्यांना सोबत हवी त्यांनी माझ्याबरोबर यावं.