फ्रेंच बोलताना जोर पडतो कुठे?

पॅरिस मेट्रोची एक नंबरची लाइन. १९०० साली सुरू झालेली, शहरातली सर्वांत जुनी. डब्यात स्टेशनचं नाव दोनदा पुकारतात, नीट ऐका. "शात्ले?" आणि थोड्या वेळाने, "शात्ले." आधी सूर चढतो, मग उतरतो. लांबतं ते मात्र दोन्ही वेळा 'ले'च.

पुढचं स्टेशन, ओतेल द वील. नुसतं 'ओतेल' म्हटलं, तर आघात 'तेल'वर. इथे तो थेट 'वील'वर जाऊन बसतो आणि 'तेल' कोरडंच राहतं. फ्रेंचमध्ये आघात शब्दाच्या मालकीचा नसतोच. एका दमात म्हटलेल्या शब्दगटाचं शेवटचं अक्षर, म्हणजे एका स्वराभोवतीचा उच्चाराचा तुकडा, तो घेऊन जातं. 'काफे'त तो 'फे'वर. 'काफे न्वार' मागवलीत की 'न्वार'वर. आणि हा काही ठोसा नव्हे. स्वर जरा रेंगाळतो, इतकंच.

अक्षरं तोडायची कशी? दोन स्वरांमधलं व्यंजन पुढच्या स्वराकडे जातं: का-मा-राद. दोन व्यंजनं आली तर एक मागे, एक पुढे: पार-तीर. 'ब्ल', 'व्र' अशा जोड्या मात्र फुटत नाहीत: ता-ब्लो, आ-व्रील.

गंमत पुढेच आहे. ही तोडणी शब्दांच्या सीमा जुमानत नाही. 'यून आमी', म्हणजे एक मैत्रीण, कानावर येते 'यु-ना-मी' अशी. 'ले' आणि 'आमी' एकत्र आले की 'ले-झा-मी'. 'ले'च्या (les) शेवटी लिहिलेला, एरवी मुका असलेला 'एस' पुढे स्वर दिसताच बोलू लागतो. नवशिक्याला फ्रेंच शब्द सुटे ऐकूच येत नाहीत, ते यामुळे.

शब्दाच्या शेवटी लिहिलेल्या मुक्या 'ई'ची (e) तर तऱ्हाच न्यारी. 'पतीत' (petite), म्हणजे छोटी: कागदावर तीन अक्षरं, पॅरिसकरांच्या तोंडी दोन, घाईत 'प्तीत' असं एकच. दक्षिणेत मार्सेकडे हीच e ऐकू येते. फ्रेंच कवितेतल्या १२ अक्षरांच्या आलेक्सांद्रँ ओळीतही, पुढे व्यंजन असेल तर ती मोजावीच लागते. आपण तरी काय करतो? 'घर्' म्हणतो आणि वृत्तात दोन अक्षरं धरतो.

हे सगळं आलं लॅटिनमधून. 'बोनितातेम'मध्ये आघात 'ता'वर होता. त्यापुढचं झडून गेलं, उरलं 'बोंते', चांगुलपणा. आघाताचं अक्षर आपोआप शेवटचं झालं.

नियमाला बगल देतात ते भांडणारे आणि भाषणं ठोकणारे. 'फोर्मिदाब्ल' म्हणताना ते 'फोर'वर जोर देतात. शेवटचं अक्षर तरीही आपल्या परीने लांबतंच.