३४ पैकी २८

(पडद्यावर: रिकामं कोर्ट. एक खेळाडू रेषेवर उभा आहे. चेंडू दोनदा जमिनीवर आपटल्याचा आवाज.)

बास्केटबॉल हा धावपळीचा खेळ. पण त्यात एक क्षण असा येतो की सगळे जागच्या जागी थांबतात. फाउल झालेला असतो. खेळाडू रेषेवर येतो. बोर्ड समोर १५ फुटांवर, रिंग जमिनीपासून १० फूट उंच. आता कुणी आडवं येणार नाही, कुणी धक्का देणार नाही. उंचीचा उपयोग नाही, वेगाचा उपयोग नाही. मन ठिकाणावर हवं आणि हात थरथरायला नको, बस. याला म्हणतात फ्री थ्रो.

१९ मार्च १९६६ ची रात्र. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, कॉलेज पार्क इथल्या कोल फील्ड हाउसमध्ये कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना चालू होता. टेक्सास वेस्टर्न कॉलेजच्या मुलांनी त्या रात्री असे ३४ फ्री थ्रो घेतले. २८ आत गेले.

त्या सामन्याची गोष्ट निघाली की लोक डंकबद्दल, म्हणजे उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये कोंबण्याबद्दल बोलतात, हातोहात पळवलेल्या चेंडूंबद्दल बोलतात. आम्हाला मात्र हा आकडा आधी सांगावासा वाटला. कारण त्या काळी अमेरिकेत कृष्णवर्णीय खेळाडूंबद्दल एक समज होता आणि तो राजरोस बोलला जायचा. ही मुलं पळतील, उड्या मारतील. पण डोकं शांत ठेवायची वेळ आली की कोलमडतील. म्हणून कोर्टवर निदान एक तरी गोरा मुलगा हवा, बाकीच्यांना सांभाळून घ्यायला. प्रशिक्षकांमध्ये तर एक हिशेबच चालायचा: घरच्या कोर्टवर दोन कृष्णवर्णीय खेळवा, बाहेरगावी तीन, आणि हरायला लागलात तर चार.

पाच? पाच कुणी म्हणत नसे.

(पडद्यावर: वाळवंट, उघडे डोंगर, नदीचा बारीकसा प्रवाह.)

हे एल पासो. टेक्सासचं अगदी पश्चिम टोक. रिओ ग्रांदे ओलांडली की पलीकडे मेक्सिकोचं हुआरेझ शहर. इथे १९१४ मध्ये खाणकाम शिकवणारी एक शाळा सुरू झाली, तीच पुढे टेक्सास वेस्टर्न कॉलेज झाली. म्हणून संघाचं नाव ‘मायनर्स’, खाण कामगार. या कॉलेजच्या इमारती बघा. आत कललेल्या भिंती, रुंद छज्जे, खोल बसवलेल्या खिडक्या. कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं ना? ही भूतानी धाटणीची बांधणी आहे. भूतानमधल्या किल्ल्यांची छायाचित्रं १९१४ मध्ये एका मासिकात छापून आली होती. ती डीनच्या पत्नीच्या मनात भरली आणि टेक्साससारख्या ठिकाणी, वाळवंटात, हिमालयातल्या वास्तू उभ्या राहिल्या. आजही तिथली नवी इमारत त्याच धाटणीची बांधतात. सांगायचं कारण एवढंच की हे गाव पहिल्यापासून जरा आपल्याच वाटेनं चालणारं होतं. १९५६ मध्येच चार्ल्स ब्राऊन हा कृष्णवर्णीय खेळाडू इथल्या संघात आला होता, आणि तेव्हा दक्षिणेतल्या कितीतरी मोठ्या विद्यापीठांची दारं अशा मुलांना बंद होती.

१९६१ मध्ये इथे नवा प्रशिक्षक आला, डॉन हॅस्किन्स. मूळचा ओक्लाहोमाचा. टेक्सासमधल्या लहान लहान गावांच्या हायस्कूलमध्ये मुलांना आणि मुलींनाही शिकवून आलेला. कॉलेजात असताना तो हेन्री आयबा यांच्या हाताखाली खेळला होता. आयबांचं सूत्र असं: गुण मिळवायचे नंतर बघू, आधी समोरच्याला मिळू द्यायचे नाहीत. एल पासोच्या कोर्टवर हॅस्किन्सनं हेच केलं. तासन्‌तास बचावाची तालीम. गुडघे वाकवून, हात पसरून, आपल्या माणसाच्या सावलीसारखं सरकत राहायचं. कुणी ढिला पडला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून.

मुलं कुठून कुठून आली होती. बॉबी जो हिल डेट्रॉइटकडचा. ऑर्स्टन आर्टिस आणि हॅरी फ्लोरनॉय इंडियाना राज्यातल्या गॅरीचे, पोलाद कारखान्यांच्या गावचे. विली वर्सली, नेव्हिल शेड आणि विली केजर न्यूयॉर्कचे. डेव्हिड लॅटिन ह्यूस्टनचा. हे सात जण कृष्णवर्णीय. उरलेल्या पाचांपैकी चार गोरे आणि एक मेक्सिकन वंशाचा. हॅस्किन्सला कुणी विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं असे: जे सर्वांत चांगले पाच, ते खेळतील.

हंगाम सुरू झाला आणि मायनर्स जिंकत सुटले. एक, पाच, दहा, वीस. ओळीनं २३ विजय. शेवटचा साखळी सामना ५ मार्चला, सिएटलमध्ये. तो गेला, ७४-७२. पूर्ण हंगामातली ही एकच हार. गंमत अशी की त्याच दिवशी केंटकी विद्यापीठाचा संघही, जो पुढे अंतिम सामन्यात समोर येणार होता, टेनेसीकडून हरला, आणि त्यांचीही ती तोवरची एकमेव हार होती.

मग राष्ट्रीय स्पर्धा. पहिल्या सामन्यात ओक्लाहोमा सिटीला ८९-७४ असं सहज हरवलं. त्याच्या पुढच्या दोन सामन्यांत मात्र जीव टांगणीला लागला.

(पडद्यावर: लबक शहर, टेक्सास. जुनं स्कोअरबोर्ड.)

लबकला सिनसिनाटीविरुद्ध सामना बरोबरीत अडकला. नेव्हिल शेडनं रागाच्या भरात प्रतिस्पर्ध्यावर हात उगारला आणि पंचांनी त्याला बाहेर काढलं. बरोबरी फोडायला दिलेल्या जादा वेळेत मोलाचे गुण मिळवले विली केजरनं. या मुलाच्या हृदयात दोष होता. त्याला फार वेळ खेळवताच यायचं नाही. ७८-७६, मायनर्स जिंकले.

दुसऱ्या दिवशी समोर कॅन्सस. पुन्हा बरोबरी, पुन्हा जादा वेळ. ती संपता संपता कॅन्ससच्या जो जो व्हाइटनं कडेवरून, लांबून चेंडू फेकला आणि तो थेट जाळीत गेला. कॅन्ससचे लोक नाचायला लागले. पण पंच बाजूच्या रेषेकडे बोट दाखवत उभे होते. व्हाइटचा पाय रेषेवर पडला होता. बास्केट रद्द. दुसरी जादा वेळ झाली आणि टेक्सास वेस्टर्न ८१-८० असं जिंकलं.

एका पायाच्या अंतरावर हा हंगाम संपला असता. पुढची सगळी गोष्ट त्या रेषेवर अडलेली होती, हे विसरून चालत नाही.

उपांत्य फेरीत यूटा. त्यांचा जेरी चेंबर्स कुणालाच आवरेना. त्या रात्री त्यानं ३८ गुण केले. उत्तरार्धात हॅस्किन्सनं त्याच्यावर जेरी आर्मस्ट्राँगला सोडलं. आर्मस्ट्राँग गोरा मुलगा, एरवी बाकावरून येणारा. तो चेंबर्सला चिकटला आणि सामना फिरला. ८५-७८. हे नाव लक्षात ठेवा.

(पडद्यावर: कोल फील्ड हाउस, आतली गर्दी.)

अंतिम सामना. समोर केंटकी. तोवर चार राष्ट्रीय विजेतेपदं घेतलेलं घराणं. प्रशिक्षक अॅडॉल्फ रप. देशात पहिल्या क्रमांकाचा संघ, आणि संघातला प्रत्येक जण गोरा. त्यांच्यात साडेसहा फुटांचा एकही माणूस सुरुवातीच्या पाचांत नव्हता. पण काय पळायचे! त्यांना अडवायला हॅस्किन्सनं उंच शेडला बसवलं आणि जेमतेम साडेपाच फुटांच्या वर्सलीला घेतलं. तीन गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारे चपळ खेळाडू. हिल, आर्टिस, वर्सली. जोडीला लॅटिन आणि फ्लोरनॉय. पाचही कृष्णवर्णीय. राष्ट्रीय अंतिम सामन्यात असे पाच कुणी कधी उतरवले नव्हते.

सुरुवातीलाच लॅटिननं केंटकीच्या पॅट रायलीच्या डोक्यावरून डंक केला. हॅस्किन्सनं त्याला तसं सांगूनच ठेवलं होतं. थोड्याच वेळात फ्लोरनॉयचा गुडघा दुखावला आणि तो बाहेर गेला. मग आला तो क्षण, जो सगळे सांगतात. केंटकीचा गार्ड चेंडू घेऊन मध्यरेषेकडे येतोय आणि हिलनं तो त्याच्या हातातून काढून घेतला. एकटाच पळाला, बास्केट. केंटकीनं पुन्हा चेंडू आणला. हिलनं पुन्हा पळवला. पुन्हा बास्केट. काही सेकंदांत दोनदा! केंटकीचे गार्ड त्यानंतर चेंडू पुढे आणताना चाचरले ते चाचरलेच.

मध्यंतराला ३४-३१, मायनर्स पुढे. उत्तरार्धात केंटकी एका गुणावर येऊन ठेपली. त्यांच्या रायली आणि लुई डॅम्पियर, दोघांनी १९-१९ गुण केले. कोर्टवरून केंटकीनं २७ बास्केट केले, टेक्सास वेस्टर्ननं २२. म्हणजे पाच कमी, आणि असा प्रत्येक बास्केट दोन गुणांचा, फ्री थ्रो मात्र एकाच गुणाचा. तरी सामना ७२-६५ असा मायनर्सचा. हिलचे २०, लॅटिनचे १६, आर्टिसचे १५.

फरक कुठे पडला? त्या रेषेवर. धावणं थांबतं, उड्या थांबतात आणि उरतं फक्त मन, तिथे. ३४ पैकी २८. ज्यांच्याबद्दल म्हणायचे की दडपणाखाली यांचे हात कापतील, त्यांचे हात कापले नाहीत.

आणि आर्मस्ट्राँग? त्या रात्री तो एक मिनिटही खेळला नाही. टेक्सास वेस्टर्नकडून कोर्टवर उतरले ते सातही जण कृष्णवर्णीय होते. आदल्या रात्री संघाला अंतिम सामन्यात नेणारा मुलगा बाकावर बसून राहिला. आम्हाला या हंगामाची गोष्ट त्याच्याशिवाय सांगता येत नाही.

विजेता संघ रिंगची जाळी कापतो, तशी तिकडची पद्धत. त्या रात्री शिडी आलीच नाही. तेव्हा शेडनं वर्सलीला उचलून धरलं, आणि संघातल्या सर्वांत बुटक्या मुलानं जाळी कापली.

(पडद्यावर: एल पासो विमानतळ, माणसांचा समुद्र.)

एल पासोनं मुलांना डोक्यावर घेतलं. टपालातून मात्र हॅस्किन्सला शिव्याशापांच्या पत्रांचा ढीग आला. १९६७ मध्ये कॉलेजचं नाव बदललं, आजचं युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास अॅट एल पासो. त्याच वर्षी पेरी वॉलेस व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडून खेळायला उतरला आणि केंटकी ज्या साखळीत खेळत होती, तिथला पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू ठरला. खुद्द केंटकीनं असा पहिला खेळाडू, टॉम पेन, १९६९ मध्ये घेतला.

एल पासोही काही स्वर्ग नव्हता. इथल्या कृष्णवर्णीय खेळाडूंना कशी वागणूक मिळते, यावर १९६८ मध्ये एका मोठ्या क्रीडा साप्ताहिकानं कडक लिहिलं. त्याच वर्षी वंशभेदाच्या निषेधार्थ एका विद्यापीठाविरुद्ध उतरायला नकार देणाऱ्या अॅथलीट्सना कॉलेजनं संघातून काढलं. त्यांत बॉब बीमन होता. काही महिन्यांनी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये त्यानं ८.९० मीटर लांब उडी मारली. एका रात्रीच्या विजयानं कॉलेज बदलतं, देश बदलतो, असं आम्ही म्हणणार नाही.

हॅस्किन्स कुठेच गेला नाही. १९९९ पर्यंत, ३८ हंगाम, तो एल पासोतच शिकवत राहिला. ७१९ सामने जिंकला. बॉबी जो हिलही त्याच गावात राहिला.

२००७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या बास्केटबॉल हॉल ऑफ फेमनं १९६६ च्या मायनर्सना मान दिला. एकेकट्या खेळाडूला नाही, संघाला. म्हणजे रेषेवर उभे राहिलेल्यांना, आणि बाकावर बसलेल्या आर्मस्ट्राँगलाही.

हिल त्या दिवसासाठी उरला नव्हता. तो २००२ मध्ये गेला.

(पडद्यावर: रिकामं कोर्ट. चेंडू दोनदा आपटतो. मग शांतता.)