टेललाइटच्या आतला रंग

मंडळी, या टेबलावर एकाच मॉडेलच्या जुन्या गाडीचे दोन टेललाइट ठेवलेत. बल्ब सारखे, लाल काचा सारख्या. डावीकडच्या डब्यात आतून ‘क्रोम’ स्प्रे मारलाय आणि उजवीकडच्यात साधा पांढरा रंग. काचा काढलेल्या असताना कुणीही डावाच उचलेल, काय झकास दिसतोय! आता काचा बसवून बल्ब लावतो. डावीकडे मधोमध एक ठळक ठिपका आणि कडेला अंधार. उजवीकडची काच मात्र कोपऱ्यापर्यंत उजळली आहे.

चकाकणं वेगळं आणि उजेड परत देणं वेगळं, एवढंच मला आज सांगायचंय. गाडी नव्याने उभी करताना आपण डोळ्यांना भुलतो. खऱ्या क्रोमचा मुलामासुद्धा अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी साधारण 60-65 टक्केच परत पाठवतो. शुद्ध ॲल्युमिनियम 90 च्या आसपास जातं, चांदी त्याहून वर. टायटॅनियम डायऑक्साइडचा चांगला पांढरा रंगही 85-90 टक्के उजेड परत देतो. फक्त एका दिशेने फेकण्याऐवजी तो चहूकडे विखुरतो, आणि साध्या डब्याला नेमकं तेच हवं असतं.

हिशेब करून बघा. काचेतून बाहेर पडण्याआधी प्रकाश डब्यात अनेकदा आपटतो. समजा तीनदा आपटला. दर वेळी 90 टक्के परत मिळत असतील तर शेवटी 73 टक्के उरतात. दर वेळी 60 टक्केच मिळत असतील तर 22 टक्केही उरत नाहीत. स्प्रेच्या डब्यावर ‘क्रोम’ लिहिलेलं असलं तरी आत बहुतेक वेळा ॲल्युमिनियमच्या बारीक पापुद्र्यांचा रंगच असतो. त्यांना धरून ठेवणारं रेझिनही थोडा उजेड खातं, त्यामुळे शुद्ध ॲल्युमिनियमचे आकडे त्याला लावू नका.

मग सगळीकडे पांढराच मारायचा का? नाही. आतला भाग नीट घडवलेला, खोलगट, परवलयाकार रिफ्लेक्टर असेल, तर तिथे आरसाच लागतो. हेडलाइट तसाच असतो, आणि पुढच्या काळातले बरेच टेललाइटही. पूर्वी हेडलाइटच्या रिफ्लेक्टरवर चांदीचा मुलामा असे. हवेतल्या गंधकाने चांदी काळवंडते, म्हणून ती घासत बसावं लागे. 1930 च्या दशकात निर्वात पोकळीत ॲल्युमिनियमची वाफ करून तिचा थर बसवण्याचं तंत्र पक्कं झालं. अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेच्या 100 इंची दुर्बिणीच्या आरशावर 1935 मध्ये असाच थर चढवला गेला, आणि पुढे हीच युक्ती मोटारीच्या दिव्यांत आली. प्लॅस्टिकच्या रिफ्लेक्टरवरचा हा थर मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही, छोट्याशा अंशाइतका पातळ असतो. धूळ पुसायला म्हणून फडकं फिरवलंत तर फडक्यालाच लागेल! फुंकर मारा, फार तर स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा. थर गेलाच असेल तर स्प्रे मारून भागत नाही. पुन्हा व्हॅक्यूममध्ये मुलामा करून घ्यावा लागतो.

चकचकीत रंगाची खरी जागा बाहेर आहे: दिव्याच्या कडा, जाळी, पट्ट्या. तिथेही सगळा खेळ खालच्या थराचा. आधी चकचकीत काळा रंग मारायचा, तो काचेसारखा गुळगुळीत करायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि मग चंदेरी रंगाचे अगदी विरळ हात द्यायचे. जाड हात दिला की पापुद्रे वेडेवाकडे पडतात आणि आरशाऐवजी राखाडी पत्रा दिसतो. वरून क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, मारला की बऱ्याच रंगांची चमक उतरते, कारण त्यांतले पापुद्रे पृष्ठभागावर तरंगत बसलेले असतात आणि क्लिअरमधलं सॉल्व्हंट ती मांडणी मोडतं. आधी टाकाऊ तुकड्यावर मारून बघा. जस्ताच्या ओतीव भागांना बारीक खड्डे पडलेले असतात. मॅट रंगात ते लपतात, चंदेरीत एकेक खड्डा ओरडून सांगतो. आणि हार्डनर मिसळून मारायचा टू-के रंग वापरणार असाल तर त्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. नाकावर रुमाल बांधून ते काम करू नका, बाहेरून हवा पुरवणारा मास्क वापरा.

आता पुन्हा आत. गंज काढा, प्रायमर द्या, पण बल्बचा होल्डर जिथे पत्र्याला टेकतो ती जागा टेप लावून कोरी ठेवा. जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा अर्थिंग त्या पत्र्यातूनच जातं. तिथे रंग चढला की दिवा मिणमिणतो, आणि लोक नवा बल्ब आणून बघत बसतात. रंग पुरता वाळल्याशिवाय काच बसवू नका. आतली वाफ काचेवर धुकं धरते आणि बल्बच्या उष्णतेने ते वाढतं.

तेलाच्या पांढऱ्या रंगाबद्दल एक गंमत सांगतो. अंधारात राहिला की तो पिवळट पडतो, आणि टेललाइटचं पोट बहुतेक वेळ अंधारातच असतं. पण पिवळा पृष्ठभाग निळा उजेड खातो, लाल नाही. त्यामुळे लाल काचेमागे फारसं बिघडत नाही. रिव्हर्सच्या पांढऱ्या काचेमागे मात्र लगेच कळतं.

काचेतच घडवलेला लाल परावर्तक असतो, मागच्या गाडीचा उजेड तिच्याकडेच परत पाठवणारा. त्याच्या मागच्या बाजूला बारीक कोपरे असतात आणि ते काम करतात ते मागे हवा असते म्हणून. ‘उजळ होईल’ म्हणून तिथे चंदेरी रंग लावलात तर तो जवळजवळ आंधळा होतो. काचेच्या बाहेरून तर काहीच मारू नका, काळपट क्लिअरही नाही. मधल्या भागात ब्रेकचा उजेड नुसत्या टेलच्या उजेडाच्या किमान पाचपट हवा, असं युरोप-अमेरिकेचे नियम सांगतात. काळपट थराने ते प्रमाण टिकतं, पण दोन्ही इतके मंद होतात की भर उन्हात ब्रेक लागल्याचं मागच्याला दिसतच नाही.

मागून कुणीतरी एलईडीचं विचारलं. लाल काचेमागे लालच एलईडी घाला. पांढऱ्याचा बराचसा उजेड काच गिळते. आणि चारी बाजूंना उजेड टाकणारा घ्या. नुसता समोर टाकणारा असेल तर आतल्या रंगावर केलेली सगळी मेहनत बिनकामाची, कारण त्याचा उजेड डब्याच्या भिंतींपर्यंत फारसा पोहोचतच नाही.