व्याख्यान थोडं, गाणी फार

मंडळी, व्याख्यानाला उभा राहिलोय, तर सुरुवात एका व्याख्यानापासूनच करतो. सत्तरच्या दशकाची सुरुवात, शहर प्राग, म्हणजे कम्युनिस्ट राजवटीतल्या चेकोस्लोव्हाकियाची राजधानी. इव्हान यिरोउस नावाचा कलासमीक्षक अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलवर बोलायचं म्हणून सभागृह घेतो. चार स्लाइड दाखवतो, थोडं बोलतो, मग प्रात्यक्षिक म्हणून एक रॉक बँड वाजवायला लागतो. दोनेक तास वाजवतो! यिरोउस कलाकार संघाचा सभासद, त्यामुळे व्याख्यानाला जागा मिळे. रॉकला मिळत नसे.

बँडचं नाव 'प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स'. 1968 साली, रशियन रणगाडे प्रागमध्ये घुसले त्याच वर्षी, मिलान ह्लाव्सा आणि त्याच्या मित्रांनी तो काढला. 1970 मध्ये त्यांचा व्यावसायिक परवाना गेला. परवान्याबरोबर वाद्यं गेली, कारण ती सरकारी. तालमीची जागाही गेली. मग जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंचे भाग जोडून अ‍ॅम्प्लिफायर घरीच बनवायचे. पुढे एकदा परवाना मंजूर झाला आणि दोन आठवड्यांत परत रद्द. कारण? संगीत रोगट आहे, समाजावर वाईट परिणाम होईल.

आपल्याकडे नाटकाची संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडे जाते, त्यामुळे कागदाची ताकद तुम्हाला वेगळी सांगायला नको. पण तिथे परवान्याचा कागद नाही म्हणजे सार्वजनिक कार्यक्रमच नाही. उरलं काय? लग्न! लग्नात कोणी वाजवलं तर तो घरगुती मामला. मग मित्रांच्या लग्नांत बँड वाजायला लागला. कुठे, कधी, हे तोंडोतोंडीच कळायचं. मार्च 1974 मध्ये चेस्के बुद्येयोवित्से या शहराजवळच्या कार्यक्रमाला आलेल्या पोरांना पोलिसांनी स्टेशनच्या बोगद्यात दंडुक्यांनी झोडपलं.

आता वाटेल, गाणी भयंकर क्रांतिकारी असणार. छे! एगॉन बाँडी या कवीच्या ज्या कविता त्यांनी चालीवर बसवल्या, त्यातली एक चक्क बद्धकोष्ठावर आहे. (हाच बाँडी गुप्त पोलिसांना बातम्या पुरवत होता, हे पुढे उघड झालं. काय म्हणावं!)

फेब्रुवारी 1976 मध्ये बोयानोवित्से गावात खुद्द यिरोउसच्या लग्नानिमित्त मोठा कार्यक्रम झाला आणि मार्चमध्ये धरपकड. नाटककार व्हात्स्लाव हावेलची आणि यिरोउसची गाठ नुकतीच पडली होती. यिरोउसने त्याला टेप ऐकवली, पुढच्या कार्यक्रमाचं बोलावणंही दिलं. तो कार्यक्रम झालाच नाही. वाजवणारे तुरुंगात गेले होते.

सप्टेंबरमध्ये चौघांवर खटला चालला. आरोप राजद्रोहाचा नव्हे, हुल्लडबाजीचा, आणि पुरावा गाण्यांतल्या शिव्या. यिरोउसला 18 महिने, कवी-संगीतकार पावेल झायीचेकला 12, सॅक्सोफोनवाला ब्राबेनेत्स आणि गाणी म्हणणारा पाद्री कारासेक यांना आठ-आठ महिने. मला सरकारची इथली चूक फार मोलाची वाटते. राजकीय कैदी म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, यांचं नेहमीचंच आहे. पण केस वाढवलेल्या, शिव्या देणाऱ्या पोरांना आत टाकल्यावर प्राध्यापक, लेखक, अगदी पक्षातून काढलेले जुने कम्युनिस्टसुद्धा कोर्टाच्या दाराशी येऊन उभे राहिले. एरवी या मंडळींनी एकमेकांना चहालाही बोलावलं नसतं. जानेवारी 1977 मध्ये 'चार्टर 77' हा मानवी हक्कांची मागणी करणारा जाहीरनामा निघाला, त्यामागे हीच कोर्टाबाहेरची ओळख होती.

ब्राबेनेत्स सुटून आला आणि त्याने बायबलच्या आधाराने ख्रिस्ताच्या यातनांवर शब्द लिहिले. 1978 साली त्याचं ध्वनिमुद्रण झालं, तेही कुठल्या स्टुडिओत नाही. हावेलच्या ह्रादेचेकच्या शेतघरात.