शंभरपर्यंत पाठ आहे, पण चार वाट्या आणता येतात का?

नमस्कार, या बसा. आज कॅमेरा किचनमध्ये खाली फरशीवरच लावलाय, कारण मुलांना मोजायला शिकवायचे आजचे जे खेळ आहेत, त्यांचं सगळं सामान इथलंच आहे. वाट्या, चमचे, चिंचोके, खराट्याच्या काड्या आणि कोथिंबिरीच्या जुडीचं रबर. ऑनलाइन काहीही मागवू नका.

आधी आमच्या घरातलं सांगते. माझी मुलगी साडेतीन वर्षांची होती तेव्हा एक ते पन्नास घडाघडा म्हणायची, पाहुणे आले की आम्ही तिला म्हणायला लावायचो, टाळ्या पडायच्या. एका रविवारी पानं घेताना मी म्हटलं, चिऊ, आपण चौघं आहोत ना, चार वाट्या आण बरं. ती गेली आणि ट्रॉलीतल्या हाताला लागतील तेवढ्या वाट्या कवेत घेऊन आली. म्हटलं मोज बघू. बोट तिसऱ्या वाटीवर आणि तोंड पाचवर पोचलेलं! शेवटी विचारलं, मग किती झाल्या गं? तर ती पुन्हा एकपासून सुरू. परत विचारलं, परत एकपासून. तिला वाटत होतं की 'किती' म्हणजे 'मोजून दाखव'. मोजताना जो शेवटचा आकडा येतो तेच 'किती'चं उत्तर असतं, हे अजून तिच्या डोक्यात बसलेलंच नव्हतं.

आणि हे अगदी नॉर्मल आहे हां, घाबरू नका. गेलमन आणि गॅलिस्टेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजण्यामागचे नियम नीट मांडले. आकड्यांचा क्रम पक्का हवा, एका वस्तूला एकच आकडा द्यायचा, शेवटचा आकडा म्हणजे एकूण, वस्तू कुठलीही असली तरी मोजता येते आणि कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच. पाठांतराने यातला फक्त पहिला येतो. बाकीचे हाताने वस्तू उचलल्या, ठेवल्या, वाटल्या की येतात.

म्हणून पहिला खेळ आकड्यांशिवाय खेळायचा. ताटं मांडली की मुलाला सांगा, प्रत्येक ताटात एक वाटी. बस एवढंच. एक ताट, एक वाटी. चुकलं तर तुम्ही लगेच सांगू नका, आजोबांना म्हणू द्या, "अरे, मला वाटी नाही मिळाली!" मूल आपोआप बघतं कुठे राहिली ते, आणि त्या बघण्यातच गणित असतं. तसंच इडलीच्या ताटलीत एका खळग्यात एक चिंचोका ठेवायचा. आमच्या ताटलीत चार खळगे आहेत, रोज बघून बघून चार न मोजताच ओळखू यायला लागले.

कुकरच्या शिट्ट्या पण मोजायला द्या. वाटीला बोट लावता येतं, शिट्टीला नाही लावता येत, ती वाजते आणि गेली, आकडा डोक्यात धरून पुढच्या शिट्टीची वाट बघावी लागते. म्हणून हे वाट्यांपेक्षा अवघड आहे, आधी वाट्या नीट जमू दे.

आता माझा सगळ्यात लाडका खेळ, एकी का बेकी. तुमच्या आजीने नक्की खेळवला असेल. मुठीत चिंचोके घ्यायचे आणि विचारायचं, एकी का बेकी? मग मूठ उघडायची आणि दोन-दोनच्या जोड्या लावायच्या, एक उरला तर एकी, नाही उरला तर बेकी. सम-विषम हे शब्द शाळेत येतील तेव्हा येतील, पण एकटा पडलेला चिंचोका पाच वर्षांच्या मुलाला स्वच्छ दिसतो.

मोठ्या गटातली किंवा पहिलीतली मुलं असतील तर हे करा. मराठीतले आकडे तसे कठीणच आहेत, त्यामुळे २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' असं वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला होता आठवतंय ना? मला दोन्ही बाजू पटतात. पण एकोणतीसवर मुलं का अडतात ते बघा. लिहिताना दोनावर नऊ आणि बोलताना कानावर येतं तीस. आता ही जादू बघा. खराट्याच्या काड्या बोटाएवढ्या कापल्या, दहा-दहाची जुडी करून रबर लावलं. या तीन जुड्या, म्हणजे तीस. मुलाला सांगा, यातली एक काडी मला दे. ती काढायला रबर सोडावंच लागतं, हे बघा सोडलं, आणि खाली काय उरलं? दोन जुड्या आणि नऊ सुट्या. एक उणा तीस, एकोणतीस! दोन आणि नऊ कुठून आले तेही दिसलं. एकोणवीसपासून एकोणनव्वदपर्यंत हे चालतं, फक्त नव्व्याण्णव वेगळा वागतो. कोथिंबीर, मेथी जुडीनेच येते, त्यामुळे शब्द पण घरचाच. इथे ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात भाजी घ्यायला गेलात तर मुलाला जुड्या धरायला द्या.

हे मी काही नवीन सांगत नाहीये. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला शिंपले, दगड, पानं-फुलं घेऊन मुलांना शिकवलं, १९४५ सालापासून. ती गावं तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच होती, पालघर २०१४ ला वेगळा झाला. आपण वन बीएचके, टू बीएचकेमध्ये राहतो, अंगण नाही, पण खराटा आणि चिंचोके आहेतच की.

एक गोष्ट मात्र अगदी कळकळीने सांगते. घरात तीन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर चिंचोके, शेंगदाणे, बटणं खाली ठेवूच नका, घशात अडकतात, नाकात घालतात. त्या बाळाला झाकणं आणि मोठे चमचे द्या. मोठ्याचा खेळ झाला की चिंचोके त्याच्याकडूनच मोजून डब्यात टाकून घ्या. वीस काढले होते तर वीसच परत गेले पाहिजेत. एकोणीस भरले तर उठा, सोफा सरकवा, तो एक सापडेपर्यंत बसायचं नाही.